मुलांच्या डोळ्यावरील पट्टी काढू नका : पालक व शिक्षकांस जाहीर आवाहन

आमच्या तालुक्यातील एका शाळेत वर्गाचे छायाचित्र काढतेवेळी पहिलीतील एका मुलीस डोळ्यावरील पट्टी उतरविण्याचे फर्मावण्यात आले, आणि त्या दिवसापासून ती पट्टी लावून घेण्यास साफ इन्कार करीत आहे, हे ऐकून आमच्या मंडळाचे कार्यकर्ते संतप्त झाले आहेत.

ती पट्टी म्हणजे औषध आहे. दोन डोळ्यांच्या नंबरांत फार तफावत असली, डोळा तिरळा असला, अथवा जन्मजात मोतीबिंदूने वा खाली उतरलेल्या पापणीने झाकला गेला, म्हणजे मेंदू त्या डोळ्याच्या अंधूक प्रतिमेची दखल घेणेच सोडून देतो, आणि डोळा वरकरणी निर्दोष दिसत असताही त्याची दृष्टी खुंटते. यासच आळशी डोळा म्हणतात. बाल्यावस्थेत एक डोळा बंद राहिल्यास मेंदूची घडणच बदलते, हे शास्त्रज्ञ ह्यूबेल व वीझल यांनी मांजराच्या पिलांवरील प्रयोगांनी सिद्ध केले व 1981 च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. म्हणूनच योग्य चष्मा देऊन, चांगला डोळा रोज काही तास झाकून, दुर्बळ डोळ्यास कामाला लावावे लागते. सातव्या वर्षाच्या आत या उपचारास उत्तम गुण येतो; पुढे तो दुरापास्त होत जातो.

शंभर मुलांत दोन-तीन तरी आळशी डोळ्याची असतात. उपचार न झाल्यास त्यांस चेंडू झेलणे अवघड जाते, वाचनाचा वेग मंदावतो, पुढे सैन्याचे वा रेल्वे इंजिनचालकाचे दार बंद होते. आणि विटी किंवा फटाका चांगल्या डोळ्यास लागला तर? या प्रश्नाचा विचार न करणाऱ्या पालकांस आम्ही निष्काळजीच म्हणू. तिरळा डोळा भाग्याचा, मोठेपणी आपोआप सुधारेल, चष्म्याने मुलीचे लग्न अडेल, या सबबींस उत्तर देण्यात आम्ही वेळ दवडणार नाही.

चौथे वर्ष संपण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून तपासून घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वा शाळेत येईल त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये. शिक्षकांनी पट्टी लावलेल्या मुलास पुढच्या बाकावर बसवावे, चिडविणाऱ्यांस सक्त समज द्यावी, आणि त्या शाळेने पट्टीसह नवे छायाचित्र काढावे. पट्ट्यांचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी आमच्या मंडळाने, कोणाही दात्याच्या दारी न जाता, वर्गणीतून तजवीज केली आहे. गरजूंनी मुख्याध्यापकांकडे नावे त्वरित नोंदवावीत.