देहाची पारख

अमेरिकी बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये सध्या एका विशिष्ट घडणीच्या तरुणांची चलती आहे. उंचेपुरे, चपळ, तोफेसारखा चेंडू फेकणारे आणि जेमतेम विशी ओलांडलेले. त्यांना खेळताना पाहणे हा निखळ आनंद असतो, हे आधीच मान्य करून टाकतो. कारण पुढे जे म्हणायचे आहे ते या आनंदाच्या काहीसे विरोधात जाणारे आहे.

एली दे ला क्रूझचेच उदाहरण घेऊ. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या या मुलाशी सिनसिनाटी रेड्स संघाने २०१८ साली, तो सोळा वर्षांचा असताना, ६५ हजार डॉलरचा करार केला. या बाजारात ही रक्कम किरकोळच. पुढे तो साडेसहा फुटांच्या जवळपास वाढला. जून २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये उतरला आणि महिनाभरातच एका सामन्यात, एकाच फलंदाजाची पाळी चालू असताना, दुसरा बेस, तिसरा बेस आणि शेवटी होम प्लेट अशा तिन्ही जागा त्याने चोरून घेतल्या. (क्रिकेटच्या भाषेत याला समांतर असे काही सांगता येत नाही, चोरटी धाव म्हणावे तर ते फारच मवाळ होईल.) २०२४ च्या हंगामात त्याने ६७ बेस चोरले, २५ होम रन मारले. आणि त्याच हंगामात तो २१८ वेळा ‘स्ट्राइक आउट’ झाला, म्हणजे चेंडू मैदानात न धाडताच परतला. साऱ्या मेजर लीगमध्ये हा आकडा सर्वाधिक होता. क्षेत्ररक्षणातल्या २९ चुकाही त्याच्याच नावावर.

हे दोन आकडे एकाच माणसाचे कसे? पिचरच्या चौथऱ्यापासून होम प्लेट साडेसाठ फुटांवर असते. ताशी ९५ मैलांनी आलेला चेंडू सुमारे चार दशांश सेकंदात पोहोचतो. त्यातला निम्मा वेळ बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या क्षणात हा चेंडू वळणार की सरळ येणार, सोडायचा की मारायचा, हे ठरवायचे असते. ते काम पायांचे नाही, दंडांचेही नाही. ते नजरेचे आहे, आणि नजर हजारो चेंडू पाहिल्याशिवाय तयार होत नाही. आपल्या काव्यशास्त्रात मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचे एकच कारण मानले. तीन सुटी कारणे नव्हेत. बेसबॉलचे स्काउट शतकभर यातल्या पहिल्यावरच भाळत आले.

या भाळण्याची प्रसिद्ध कथा मायकेल लुइसने ‘मनीबॉल’ (२००३) या पुस्तकात सांगितली आहे. बिली बीन हा स्काउट मंडळींच्या स्वप्नातला मुलगा होता. १९८० साली न्यूयॉर्क मेट्सने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. मेजर लीगमध्ये तो अवघे १४८ सामने खेळला, सरासरी .२१९. पुढे ओकलंडचा व्यवस्थापक झाल्यावर त्याने नेमका स्वतःसारख्या देखण्या देहांना नकार द्यायला सुरुवात केली आणि आकड्यांवर भिस्त ठेवली. आपल्याकडे हे पुस्तक वाचणाऱ्या अनेकांचा समज असा, की तेव्हापासून देहपूजा संपली.

ती संपली नाही. तिने वेष बदलला. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा बसली. खेळाडू किती वेगाने धावतो, चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो, सगळे मोजले जाऊ लागले. जुना स्काउट जे डोळे विस्फारून सांगे तेच आता यंत्र सांगते, आणि यंत्राच्या सांगण्याला शास्त्राची प्रतिष्ठा असते. पिट्सबर्गच्या ओनील क्रूझने मे २०२५ मध्ये ताशी १२२.९ मैल वेगाने चेंडू टोलवला. या यंत्रणेने तोवर मोजलेला तो सर्वांत वेगवान फटका. त्या हंगामाअखेर त्याची सरासरी होती .२००.

मग काय, अशा मुलांना घेऊच नये? तसे मुळीच नाही. रोनाल्ड अकुन्या ज्युनिअर २०१९ मध्ये १८८ वेळा स्ट्राइक आउट झाला होता. २०२३ मध्ये तो आकडा ८४ वर आला. सोबत ४१ होम रन, ७३ बेस आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब. नजर शिकता येते. पण मध्ये चार वर्षे गेली, गुडघ्याची एक मोठी दुखापत गेली. त्याला हा अवकाश मेजर लीगमध्येच मिळाला, कारण शिकत असतानाही तो उत्तम खेळत होता. सगळ्यांचे नशीब असे नसते.

बाकीच्यांनी शिकावे कुठे? त्यासाठीच मायनर लीगची उतरंड होती. २०२१ मध्ये तिथले संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले गेले. शिवाय २०२२ च्या करारानुसार, नावाजलेल्या नवोदिताला हंगामाच्या आरंभापासून खेळवले आणि त्याने मोठा पुरस्कार पटकावला, तर संघाला निवडीची एक जादा संधी मिळते. म्हणजे घाईला बक्षीस.

यावर खेळाडूंच्या बाजूने एक रास्त आक्षेप येतो. ‘अजून शिकू द्या’ हे मालकांचे आवडते निमित्त आहे. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला हंगामाचे पहिले काही दिवस खालीच ठेवले. पूर्ण सेवावर्षाला १७२ दिवस लागतात, त्याचे भरले १७१. त्यामुळे त्याची करारमुक्ती वर्षभर लांबली. २०२० मध्ये लवादाने निकालही संघाच्याच बाजूने दिला. तेव्हा मला हवा असलेला अवकाश आणि मालकांना हवा असलेला विलंब हे एक नव्हेत. सेवेचे दिवस मोजण्याची ही रीतच बदलून करारमुक्ती वयावर ठरवली, तर शिकवण्याच्या मिषाने कुणाचे वर्ष लांबवता येणार नाही आणि ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याचे नुकसानही होणार नाही.

नुसत्या दंडावर भरवसा ठेवण्याचा एक प्रयोग आपल्या देशातही होऊन गेला. २००८ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, फेकीच्या जोरावर निवडले गेले. पिट्सबर्गने त्यांच्याशी करारही केला. दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. रिंकू सिंग पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. त्यांच्यावर हॉलिवूडने २०१४ मध्ये चित्रपट काढला, तो मात्र करार होण्यापाशीच टाळ्या घेऊन थांबतो!

डॉमिनिकन प्रजासत्ताकात मेजर लीगच्या तीसही संघांच्या प्रबोधिन्या आहेत. तिथे दरवर्षी सोळा-सतरा वर्षांची मुले शाळा मागे टाकून दाखल होतात. त्यांच्या धावण्याची, फेकीची, बॅटच्या वेगाची नोंद होते. त्यातली बहुतेक विशीच्या आसपास घरी पाठवली जातात, आणि त्या नोंदी संघाच्या संगणकात राहतात.