सामायिक सातबाऱ्यावरचं जंगल विकू नका

दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड, आजरा भागांतल्या गावकऱ्यांनो आणि मुंबई-पुण्यात, गोव्यात पोटापाण्यासाठी गेलेल्या चाकरमानी भावाबहिणींनो,

विषय हत्तींचा आहे, पण तो वनखात्याच्या दारात सुटणारा नाही. तो तुमच्या-आमच्या घरातल्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांत अडकलेला आहे. म्हणून हे आवाहन सरकारला न करता तुम्हाला करतो आहे.

2002 साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले. पुढे ते घाटमाथ्यावर चंदगड-आजऱ्याकडेही दिसू लागले. त्या वर्षी जन्मलेली आमची पोरं आता नोकरीला लागली. हेवाळे, बांबर्डे, मोर्ले, घोटगेवाडी, सोनावल या गावांत ‘हत्ती आला’ याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. संध्याकाळी फोनवर ‘आज खंय आसा?’ एवढंच विचारतात.

बाहेर राहणाऱ्यांना नुकसान म्हणजे नेमकं काय होतं ते कळावं म्हणून सांगतो. दहा-बारा वर्षं पाणी घालून वाढवलेला, नुकता धरू लागलेला माड. हत्ती त्याला कपाळाने रेटून आडवा करतो, झावळ्या ओढून काढतो आणि मधला गोड कोंब तेवढा खातो. बुंधा जागेवर पडून राहतो. केळीचा गाभा चोखून सोपटं टाकलेली, पोफळी मोडलेल्या, काजूच्या फांद्या ओरबाडलेल्या. सकाळी वनरक्षक येतो, झाडं मोजतो, पंचनामा लिहितो. मग तो सातबारा मागतो. सातबाऱ्यावर तीस नावं. त्यातली पाच मयत, वारस नोंद झालेली नाही. बारा मुंबईला, चार गोव्यात, दोघांचा पत्ताच नाही. सगळ्यांची संमतीपत्रं गोळा होईपर्यंत पुढचा हंगाम येतो आणि पुन्हा हत्ती येतो. ज्याने बाग राखली त्याच्या हातात काही पडत नाही. एप्रिल 2025 मध्ये मोर्ल्यातला एक वयस्क शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेला. त्या घराला जाऊन ‘हत्ती वाचवा’ सांगण्याची माझी हिंमत नाही. त्यांचा राग खरा आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढचं एक अक्षरही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पण हत्ती बागेत का येतो, हेही तितक्याच प्रामाणिकपणे बघायला हवं. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागतं. एका डोंगरात बसून हे भागत नाही, म्हणून तो फिरता राहतो. कळप म्हाताऱ्या मादीच्या मागे चालतो; कुठल्या महिन्यात कुठल्या खोऱ्यात बांबू कोवळा असतो, कुठली कोंड एप्रिलमध्येही आटत नाही, हे तिला ठाऊक असतं आणि तिच्याकडून पोरांना कळतं. ज्या मुलखातून हे हत्ती आले तिथे काळी नदीवर सुपापासून कद्र्यापर्यंत एकामागून एक धरणं झाली, खोरी पाण्याखाली गेली, दांडेलीच्या रानात मँगेनीजच्या खाणी चालल्या. जुन्या वाटा तुटत गेल्या आणि ते सह्याद्रीच्या धारेने उत्तरेकडे सरकले. इकडे आले तर आपल्याकडेही तिलारीचं धरण उभं राहत होतं. आयनोडे, सरगवे, पाट्ये, शिरंगे ही गावं उठली, जंगलाचा मोठा पट्टा बुडाला.

गोव्यातल्या वाचकांनी इथे जरा थांबावं. तिलारीच्या पाण्यात गोव्याचा वाटा सुमारे 73 टक्के आहे. कालवा फुटला की बार्देश, पेडण्यातले नळ कोरडे पडतात आणि मग तिलारीचं नाव वर्तमानपत्रात येतं. ते पाणी ज्या डोंगरांतून झिरपून येतं तेच हत्तींचं रान आहे. डोंगर उघडे पडले तर धरणात गाळ उतरेल, व्हाळ डिसेंबरातच आटतील, आणि तहान हत्तीला आणि म्हापशाला एकाच वेळी लागेल.

आता मूळ मुद्दा. सिंधुदुर्गातलं पुष्कळसं जंगल सरकारी नाही. ते खाजगी आहे, आणि खाजगी म्हणजे सामायिक. आजे-पणज्यांनी ते वाटून घेतलं नाही, कारण वाटून घेण्याची गरजच पडली नाही. कवळ तोडायला, लाकूडफाट्याला, रातांबे आणि शिकेकाई गोळा करायला, ढोरं चरायला सगळ्यांनीच जायचं. कुणा एकाचं नसल्यामुळे ते टिकलं. त्याच रानात बांबूची बेटं होती, भेर्ली माड होते, फणस होते, आणि हत्तीला बागेत उतरायची गरज पडणार नाही इतकं खाणं होतं.

मग दलाल आला. तो गावात फार थांबत नाही, थेट मुंबईच्या चाळीत किंवा बदलापूरच्या फ्लॅटमध्ये जातो. ‘तुमच्या हिश्शाला कोण विचारतोय? रान नुसतं पडून आहे,’ म्हणतो. कुलमुखत्यारपत्रावर सही घेतो. एका हिश्शाच्या आधाराने आत शिरतो, बाकीच्यांना एकेक करून गाठतो, आणि एका उन्हाळ्यात जेसीबी डोंगरावर चढतो. करवतीचा आवाज थांबला की रबराची किंवा अननसाची लागवड सुरू होते. रबराच्या मळ्यात एकदा आत जाऊन बघा. ओळीत झाडं, प्रत्येकाला चीक धरायला वाटी, आणि खाली ना करवंदाची जाळी, ना बांबूचा कोंब. हत्तीला, गव्याला, शेकरूला तिथे खायला काहीच नाही. रबर लावणाऱ्यांना शिव्या देऊन आपण मोकळे होतो. जमीन त्यांनी हिसकावलेली नाही. सही आपल्या माणसाची आहे.

कायद्याने काही केलं नाही असं नाही. सावंतवाडी-दोडामार्ग हा वन्यजीवांचा संचारमार्ग म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने इथली 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायला सांगितलं. 2020 मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, 29.53 चौरस किलोमीटरचं. चांगलंच झालं. पण दक्षिण भारतातल्या अभ्यासांत हत्तींच्या एकेका कळपाचा वावर कित्येक शे चौरस किलोमीटरवर असल्याचं दिसलं आहे. एकोणतीस चौरस किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकलं की तो तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावर उभा असतो.

हत्ती पकडून न्या, ही मागणी जुनीच आहे. 2015 मध्ये माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडले. त्यानंतरही तिलारी खोऱ्यात हत्ती राहिलेच. वाट आणि चारा जिथे आहे तिथे दुसरा येणारच. 2025 मध्ये ओंकार नावाचा तरुण टस्कर कळपातून फुटून पेडण्यात उतरला, मग बांद्याच्या बाजूला आला. नदीत शिरलेल्या त्या जनावरावर फटाके टाकल्याची चित्रफीत सगळ्यांनी बघितली. त्याच वर्षी नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातली हजारो माणसं रस्त्यावर उतरली होती. हत्तीवर आपल्या लोकांचा जीव आहे, यात शंका नाही. तो साखळीतल्या हत्तीवर आहे तसा रानातल्यावरही असावा, अशी माझी विनंती आहे.

चाकरमान्यांनो, तुमच्याकडे पहिलं मागणं आहे. तुमच्या हिश्शाचं रान विकण्याआधी गावातल्या भावाला फोन करा. मुखत्यारपत्रावर सही मागायला कुणी आलं तर गावच्या माणसांसमोर बसल्याशिवाय करू नका. आणि भाऊ नुकसानभरपाईच्या संमतीपत्रासाठी फोन करेल तेव्हा ‘गणपतीक येतंय तेव्हा बघूया’ म्हणू नका. त्याच आठवड्यात सही करून पाठवा. त्याला वेळेवर पैसे मिळाले तर तो हत्तीच्या वाटेत वीज सोडलेली तार लावणार नाही. त्या तारेने हत्ती मरतो, आणि अंधारात ढोर शोधायला गेलेला शेजारीही मरतो.

गावकऱ्यांनो, 1 मेच्या ग्रामसभेला माणसं घरी आलेली असतात. त्या सभेत सामायिक रानाचा विषय घ्या. देवराया, व्हाळ, कोंडी आणि हत्तीच्या ठरलेल्या वाटा गावच्या जैवविविधता नोंदवहीत नावांसकट लिहा. कुठला गट नंबर, कुठला व्हाळ, सगळं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो याच चिकाटीने, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत पुन्हा पुन्हा बसून. आपली जमीन खाजगी, त्यामुळे तो कायदा इथे जसाच्या तसा लागणार नाही, पण एकत्र बसण्याला कुणाची आडकाठी नाही. मोकळ्या पडलेल्या उतारांवर बांबू आणि भेर्ली माड पुन्हा लावा, वस्तीपासून लांब. रात्री हत्ती दिसला तर वनखात्याच्या पथकाला कळवा. मोबाइल घेऊन मागे धावू नका, फटाके तर नकोतच. बिथरलेला हत्ती पळून जातो तो पुढच्या वाडीत, आणि तिथे कुणीतरी अंगणात झोपलेलं असतं.

सरकारकडे मागायचं तेही एकत्र मागू. माडाची भरपाई ठरवताना त्याची पुढची वीस-पंचवीस वर्षं धरा, सामायिक सातबाऱ्यावर प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावे पंचनामा मान्य करा, आणि 25 गावांचा निर्णय आणखी लांबवू नका. अशा ठरावाचा मसुदा प्रत्येक ग्रामपंचायतीला देण्याची माझी तयारी आहे. आपल्या गावच्या सभेची तारीख ठरली की ती शेजारच्या दोन गावांना कळवा, म्हणजे तिन्ही गावांचे ठराव एकाच दिवशी तहसीलदारांकडे पोचतील.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातला एक बागायतदार