विश्लेषण : जमिनीचे पैसे बुडाल्याचा आरोप, तरी सुनावणीच नाही, उशिरा केलेला दावा कोर्ट कसं फेटाळतं?

जमीन विकली, खरेदीखत झालं. ठरलेली किंमत सुमारे १.७४ कोटी रुपये, पण हातात आले फक्त ४० हजार, बाकीचे चेक बोगस निघाले. सुरतमधल्या एका शेतजमिनीच्या मूळ मालकांचा हा आरोप होता. तो खरा की खोटा, हे तपासण्यासाठी खटला उभाच राहिला नाही. खालच्या कोर्टानं वादपत्र नामंजूर केलं, गुजरात उच्च न्यायालयानं तेच कायम ठेवलं आणि ९ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानंही.

का? खरेदीखत जुलै २००९ चं होतं आणि दावा दाखल झाला डिसेंबर २०१४ मध्ये. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार खरेदीखत रद्द करून मागायला ३ वर्षं मिळतात. (पैसे थकले एवढ्यावरून नोंदणी झालेलं खरेदीखत रद्द होत नाही, वसुलीचा दावा करता येतो, हेही कोर्टानं सांगितलं.)

साक्षीपुराव्याआधीच दावा कसा संपतो?

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ७ नियम ११ आहे. दावा कायद्यानंच अडवलेला आहे असं वादपत्रावरून दिसत असेल, तर प्रतिवादी ते नामंजूर करण्याचा अर्ज देऊ शकतो. सुरतच्या प्रकरणात तो दिला २०१३ मध्ये हीच जमीन पुढे विकत घेणाऱ्यांनी.

गंमत अशी की, या टप्प्यावर प्रतिवादीचं म्हणणं कोर्ट विचारातच घेत नाही. फक्त वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रं वाचली जातात. म्हणजे वादी स्वतःच लिहिलेल्या तारखांमध्ये अडकतो. म्हणूनच ‘आम्हाला आत्ताच कळलं’ हे वाक्य अशा दाव्यांत हमखास असतं. फसवणूक लपवली गेली असेल तर मुदत ती उघड झाल्यापासून मोजतात, हे खरं. पण वाजवी काळजी घेतली असती तर आधीच कळलं असतं का, हेही पाहिलं जातं. सुरतच्या मालकांनीही २०१४ मध्ये कळल्याचं म्हटलं होतं. एवढी मोठी रक्कम थकली असताना पाच वर्षं कुणी गप्प बसेल, हे कोर्टाला पटलं नाही.

माहिती कधी मिळाली यावर खरोखरच वाद असेल, तर मात्र पुरावा घ्यावा लागतो. अशा वेळी प्रतिवादीचा अर्ज टिकत नाही.

उशीर माफ होत नाही का?

इथे बहुतेकांची गल्लत होते. कलम ५ खाली विलंब माफ होतो, पण तो अपील आणि अर्जांना. मूळ दाव्याला ही सवलत नाही. आजारपण असो की गरिबी, ३ वर्षं म्हणजे ३ वर्षं. अपिलातला उशीर माफ होऊ शकतो आणि पहिल्यांदाच दार ठोठावणाऱ्याला मात्र मुभा नाही, हे सामान्य माणसाला खटकणारच. शिवाय कलम ३ नुसार प्रतिवादीनं मुद्दा काढला नाही, तरी मुदतबाह्य दावा फेटाळणं कोर्टावर बंधनकारक आहे.

कोविडचा अपवाद मोठा होता. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला होता.

उसने दिलेल्या पैशांचं काय?

इथेही साधारण ३ वर्षंच. ‘दिवाळीनंतर देतो’ अशा तोंडी वायद्यांनी मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी कर्जदारानं सही करून देणं लेखी मान्य केलं, तर मात्र त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. मुदत उलटून गेली तरी देणं पुसलं जात नाही, फक्त कोर्टातून वसुली करता येत नाही. आणि त्यानंतरही कर्जदारानं सही करून फेडण्याचं लेखी वचन दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार त्या वचनावर नव्यानं दावा करता येतो.