देवी गेल्या, गोवर कां राहिला?

बाळ नऊ महिन्यांचें झालें कीं आशाताई दाराशीं येते. येत्या मंगळवारीं अंगणवाडींत गोवराची लस आहे, लेकराला घेऊन या, एवढें सांगून ती पुढच्या घराकडे वळते. मग घरांत पंचायत बसते. आजी म्हणते, आमच्या वेळीं कुठें होत्या सुया? बाप म्हणतो, पोराला ताप आला तर दुसऱ्या दिवसाचा खाडा होईल. शेजारचा तरणा पोर मोबाइल उघडून दाखवितो कीं, या लशीनें पुढें मूलबाळ होत नाहीं. आई सर्वांचें ऐकते. मंगळवार उजाडतो, मावळतो आणि बाळ घरींच राहतें. कोणी 'नको' म्हटलें नाहीं. पण 'नको' झालें.

अशा आईबापांस अडाणी म्हणून हिणविणारे लोक पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले नव्हे. धडधाकट लेकराला सुई टोंचवून घ्यावयाची, तर विचार करणें हें आईबापांचें कामच आहे. परंतु विचार करावयाचा तर तो पुरता करावा. तराजूच्या एका पारड्यांत सुई घातली, तर दुसऱ्यांत गोवर घातला पाहिजे. रिकाम्या पारड्याशीं तोलून सुई जड ठरविणें हा खोटा हिशेब होय.

प्रथम आजीबाईंना उत्तर देऊं. आजी, तुमचा दंड पाहा. त्यावर जो वाटोळा व्रण आहे, तो देवी काढल्याचा आहे. तुमच्या आईनें तुम्हांस देवी डॉक्टरापुढें धरलें, म्हणून तुमचा चेहरा आज साफ आहे. देवी आलेल्या दहा जणांपैकीं सुमारें तीन मरत. जे वांचत त्यांच्यापैकीं कित्येकांचे डोळे जात. ही विद्या कोणा पंडिताच्या पोथींतून निघालेली नाहीं. गाईच्या सडांवरील फोडांची लागण झालेल्या गवळणींना देवी येत नाहींत, ही इंग्लंडांतील खेडुतांची समजूत. ती एडवर्ड जेन्नर या डॉक्टरानें १७९६ सालीं पारखून पाहिली व खरी ठरविली. आपल्या देशांत ही लस पहिल्यानें मुंबईंत, १४ जून १८०२ रोजीं, अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोंचली गेली. १९७५ सालीं आपल्या देशांतला देवीचा शेवटचा रोगी झाला आणि १९८० सालीं सर्व जग देवींपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. नवसानें जें झालें नाहीं, तें घरोघर फिरलेल्या टोंचणीनें झालें.

लस वेळेवर हातीं न येण्याची किंमत आपल्या चळवळीनेंहि मोजली आहे. १८९७ सालच्या प्लेगांत 'दीनबंधू'चे नारायण मेघाजी लोखंडे गेले आणि १० मार्च रोजीं रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई गेल्या. हाफकिन यांनीं प्लेगाची लस मुंबईंत स्वतःच्या अंगावर टोंचून पाहिली, त्याला त्या वेळीं जेमतेम दोन महिने झाले होते. आज गोवराची लस अंगणवाडीपर्यंत येते, तीहि फुकट.

पण गोवर सगळ्यांनाच येतो आणि येऊन जातो, असें कांहीं म्हणतात. खरें आहे, पुष्कळांचा जातो. मात्र साक्ष द्यावयास वांचलेलाच येतो. मेलेलें लेकरूं येत नाहीं. गोवराच्या मागोमाग न्यूमोनिया येतो, हगवण लागते, कान फुटतो. हजारांत एखाद्याच्या मेंदूला सूज येते. कुपोषित पोराचे डोळे जातात. एकूण रोगांशीं लढण्याची अंगची शक्तिहि कांहीं काळ मोडते. या रोगाला मारणारें औषध नाहीं. आणि तो पसरतो वाऱ्यावरून. रोगी उठून गेल्यावर दोन तासांपर्यंत त्या खोलीची हवा दूषित राहते. लस न घेतलेल्यांत एक रोगी बारा ते अठरा जणांस लागण करूं शकतो. कोविडच्या दोन वर्षांत टोंचणी मागें पडली आणि २०२२ सालीं मुंबईची गोवंडी, भिवंडी, मालेगांव येथें गोवर उसळून लहान लेकरें दगावलीं. ह्या वस्त्या यंत्रमागावर आणि मजुरीवर पोट भरणाऱ्यांच्या, म्हणजे तुमच्याआमच्याच आहेत.

आतां सुईचें पारडें. लपवाछपवी न करतां सांगतों. टोंचल्यावर आठवडा-दीड आठवड्यानें कांहीं मुलांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळ उठतो आणि तो आपोआप जातो. तापांत क्वचित् एखाद्या मुलाला झटका येतो. अंगावर एकदम उठणारी जबर ॲलर्जी लाखांत नव्हे, दहा लाखांत एखाद्याला होते. तिच्यावर तेथेंच इलाज करतां यावा, म्हणून टोंचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. तेवढा वेळ बसावें, उठून पळूं नये. बाटली केव्हां उघडली, हें नर्सबाईंना विचारावें. गोवराची बाटली उघडल्यावर चार तासांच्या आंत वापरावयाची असते. सुई नवी आहे ना, तें डोळ्यांनीं पाहावें. हा तुमचा हक्क आहे. त्याचा राग मानण्याचें कोणाला कारण नाहीं.

मोबाइलवरील बातम्यांचेंहि तसेंच करावें, विचारावें, पारखावें. अँड्र्यू वेकफील्ड या इंग्लंडांतील डॉक्टरानें १९९८ सालीं अवघ्या बारा मुलांवरून लेख लिहून लशीनें मुलें स्वमग्न होतात असा संशय उठविला. चौकशींत त्याची लबाडी उघडी पडली. २०१० सालीं लेख रद्द झाला आणि त्याची सनदहि गेली. अफवा मात्र अजून फिरते आहे. मूलबाळ होत नाहीं म्हणणाऱ्यांस एवढेंच विचारा: गोवराची लस १९८५ सालापासून सरकारी टोंचणींत आहे, ती घेतलेल्या पिढीचीं मुलें आज शाळेंत जात आहेत, तीं कोठून आलीं? उलट या लशींत २०१७ पासून रुबेलाची लसहि घातलेली आहे. गरोदर बाईला रुबेला झाला तर मूल आंधळें, बहिरें किंवा हृदयांत दोष घेऊन जन्मतें. म्हणजे ज्या लशीवर वंशबुडीचा आळ आहे, तीच पुढच्या पिढीची राखण करते.

आणखी एक गोष्ट. नऊ महिन्यांच्या आंतल्या तान्ह्या बाळाला ही लस देत नाहींत. कॅन्सरचे उपचार चाललेल्या मुलाला देतां येत नाहीं. अशा लेकरांचें कुंपण म्हणजे शेजारचीं टोंचलेलीं मुलें. शंभरांत पंचाण्णव मुलांनीं दोन्ही डोस घेतले तरच गोवर गांवांत शिरकाव करूं शकत नाहीं. कुंपणाला एक खिंडार असलें तरी गुरें शेतांत शिरतात, हें शेतकऱ्याला सांगावयास नको. म्हणून नवव्या महिन्याचा पहिला डोस घेऊन स्वस्थ बसूं नये. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसराहि घ्यावा. वेळ चुकली तरी पांच वर्षांपर्यंत लस मिळते. कार्ड हरवलें म्हणून लाजूं नये; चुकून एक डोस जास्त झाल्यानें अपाय होत नाहीं.

परंतु सर्व दोष आईबापांच्या माथीं मारणें आम्हांस मान्य नाहीं. बीडकडची ऊसतोडीची टोळी दसरा-दिवाळीला गांव सोडते ती उन्हाळ्यांत परतते. तिच्या लेकराचा नववा महिना फडांत उलटतो आणि कार्ड गांवीं पेटींत राहतें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस समुद्रापार किती तरी देशांत पोंचते. मग ती ऊसतोड्याच्या कोपीपर्यंत कां पोंचूं नये? कारखान्याच्या फडावर, वीटभट्टीवर, मागवाल्यांच्या गल्लींत, मजुरी सुटल्यानंतरच्या वेळीं टोंचणी ठेवावी, अशी आमची सरकारास आणि साखर कारखान्यांच्या चालकांस मागणी आहे. ज्याची रोजी बुडते त्याला दिवसा दुपारीं बोलावून तो आला नाहीं म्हणून नांवें ठेवणें सोपें आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, घरांत गोवर निघालाच तर लिंबाचा डहाळा खुशाल दाराला बांधा. येणाऱ्याजाणाऱ्याला तो बाहेरच थांबवितो, इतका त्याचा उपयोग आहे. पण लेकराला उपाशी ठेवूं नका, अंगावरचें दूध तोडूं नका, जीवनसत्त्व 'अ' चा डोस मागून घ्या आणि धाप लागली तर अंगाऱ्याची वाट न पाहतां दवाखाना गांठा. आणि ज्या घरांत अजून गोवर आला नाहीं, तेथल्या आजीबाईंनीं पुढच्या मंगळवारीं सुनेला आपल्या दंडावरचा व्रण दाखवावा आणि नातवाला स्वतः कडेवर घेऊन अंगणवाडीची वाट धरावी.