गौरव खेळाडूचा, समता नियमाची





क्युपर्टिनोहून ईशान्येस काही मैलांवर सांता क्लारा शहरातील लेव्हाइज स्टेडियम उभे आहे. तेथील फोर्टीनाइनर्स या फुटबॉल संघातील खेळाडूंची नावे आपल्या मुलाबाळांना तोंडपाठ असतात. रविवारी सामना असला की घरच्या वंदनेची वेळही त्यानुसार मागेपुढे करावी लागते, हे आपण हसत हसत मान्य करतो. अशा या लाडक्या संघाला २०२० च्या डिसेंबरात आपले घर सोडून ॲरिझोना राज्यात जावे लागले होते. ती घटना आता जुनी झाली. परंतु तिने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रवासाचे नियम केले जातात, तेव्हा नामवंत खेळाडूंना त्यांतून सूट असावी काय?

कोरोनाच्या साथीत आपली काउंटी आरंभापासून सावध होती. १६ मार्च २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या सहा काउंट्यांनी घरीच राहण्याचे आदेश काढले. या देशातील तशा प्रकारचे ते पहिले आदेश होत. आणि त्या सहांत सांता क्लारा काउंटी होती. पुढे २८ नोव्हेंबरला काउंटीने दोन निर्बंध जाहीर केले. आरोग्याधिकारी त्या वेळी डॉ. सारा कोडी होत्या. अंगाला अंग भिडते असे सर्व खेळ काही काळ बंद, हा पहिला. आणि दीडशे मैलांहून अधिक अंतरावरून काउंटीत येणाऱ्याने १४ दिवस अलग राहावे, हा दुसरा. रुग्णसेवेसारख्या अत्यावश्यक कामाला सूट होती, कीर्तीला नव्हती. शाळकरी मुलांच्या संघाला जो नियम लागू झाला, तोच कोट्यवधी डॉलरांच्या संघालाही लागू झाला. फोर्टीनाइनर्सनी मोसमातील उरलेले तीनही ‘घरचे’ सामने ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे खेळले. अनेक खेळाडू कित्येक आठवडे कुटुंबांपासून दूर राहिले. या निर्णयावर टीका पुष्कळ झाली. परंतु नियम माणूस पाहून बदलला, असा आक्षेप कोणालाही घेता आला नाही.

याउलट चित्रही याच देशाने त्याच वर्षी पाहिले. २२ मे २०२० रोजी केंद्र सरकारच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने परदेशी व्यावसायिक खेळाडूंना साथीच्या प्रवासबंदीतून सूट दिली. कारण दिले गेले राष्ट्रहिताचे. ही सूट खेळाडूंपुरतीच नव्हती. त्यांचे कर्मचारी, पती-पत्नी आणि मुले यांनाही ती होती. बरोबर एक महिन्याने, २२ जूनला, दुसरी अधिघोषणा निघाली. देशाबाहेर असलेल्या आणि हाती वैध व्हिसा नसलेल्या एच-१बी कर्मचाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना प्रवेश थांबविण्यात आला. तेथे कारण साथीचे नव्हे, रोजगाराचे सांगितले गेले, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेलेल्या आणि तेथेच अडकलेल्या अभियंत्याला या दोन कागदांमधून जो अर्थ कळला, तो एकच होता: चेंडू मारणाऱ्याचे कुटुंब म्हणजे राष्ट्रहित, संगणक चालविणाऱ्याचे कुटुंब म्हणजे अडचण.

ज्या मातीतून आपण आलो, तिकडेही याच मे महिन्यात नियमाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते ते दिसले. नेहमीच्या रेल्वे आणि बसगाड्या बंद होत्या. जालन्याहून गावाकडे पायी निघालेले मजूर थकून रुळांवरच झोपले, आणि ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांपैकी १६ जण ठार झाले. त्यांच्यासाठी राष्ट्रहिताचा कागद कोणी काढला नव्हता.

सूट द्यावी असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, आणि न्यायबुद्धीने ती ऐकली पाहिजे. खेळाडूची कारकीर्द अल्पायुषी असते. गेलेले वर्ष परत येत नाही. त्याची तपासणी वारंवार होते. त्याच्या एका सामन्यावर तिकीट तपासनीस, सफाई कामगार, खाद्यपदार्थ विकणारे अशा शेकडो गरिबांची रोजी अवलंबून असते. हे सर्व खरे आहे. परंतु वारंवार तपासणी केल्याने धोका टळत असेल, तर तोच मार्ग सामान्य प्रवाशालाही खुला केला पाहिजे. आणि गरिबांच्या रोजीची चिंता असेल, तर त्यांना थेट मदत करण्यापासून कोणी अडविले आहे? त्यांच्या नावाने श्रीमंताला सूट देणे, हा गरिबांचा कैवार नव्हे.

टेनिसपटू नोव्हाक जोकोविच यांचे उदाहरण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखविते. लस न घेता ते जानेवारी २०२२ मध्ये मेलबर्नला उतरले. वैद्यकीय सूट मिळाल्याचे त्यांचे म्हणणे होते. तथापि त्यांचा व्हिसा रद्द झाला आणि न्यायालयाच्या निर्णयानंतर १६ जानेवारीला त्यांना परत पाठविण्यात आले. मार्च २०२३ मध्ये ते आपल्याच कॅलिफोर्नियातील इंडियन वेल्सच्या स्पर्धेत खेळू शकले नाहीत, कारण विमानाने येणाऱ्या परकीयांना लसीची अट तेव्हाही होती. फ्लोरिडाच्या दोन सिनेटरांनी त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्षांकडे रदबदली केली. आता विचार करा. या देशात तोवर जवळजवळ सर्व निर्बंध उठले होते आणि ती अट कालबाह्य झाली आहे, असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य होते. परंतु मग मागणी कोणती हवी होती? अट सर्वांसाठी काढा, ही; एकासाठी काढा, ही नव्हे. अखेर ११ मे २०२३ रोजी ती सर्वांसाठीच संपली. जोकोविच आले आणि सप्टेंबरात त्यांनी न्यूयॉर्कची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. त्यांच्याबरोबर, वर्तमानपत्रांत ज्यांचे नाव कधी छापले गेले नाही असे असंख्य आजी-आजोबाही आले. न्यायाची रीत ती हीच.

क्रिकेटचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. २०२१ च्या मे महिन्यात भारतात दुसरी लाट भरात असताना ऑस्ट्रेलियाने भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही दार बंद केले. नियम मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. सुमारे नऊ हजार ऑस्ट्रेलियन तेव्हा भारतात अडकले होते. आयपीएल ४ मे रोजी थांबली, आणि तिच्यातील ऑस्ट्रेलियन खेळाडूंनाही सरकारने वेगळी वागणूक नाकारली. ते मालदीवला जाऊन थांबले आणि बंदी उठल्यावर मायदेशी पोहोचले. तो नियम अतिकठोर होता, असे आमचे मत आहे. परंतु एवढे तरी झाले की, नामवंतांनाही त्याची झळ बसली. ज्या नियमाची झळ वरच्यांना बसत नाही, त्याचा कठोरपणा कमी करण्याची घाई कोणालाच नसते.

याचा अर्थ अपवाद मुळीच नसावेत असा नाही. मरणशय्येवरील पित्याला भेटू इच्छिणारी मुलगी, उपचारांसाठी निघालेला रुग्ण, रुग्णालयात कामावर रुजू होणारी परिचारिका यांना सूट हवीच. त्या काळात कितीतरी कुटुंबांनी आई-वडिलांचा अंत्यविधी संगणकाच्या पडद्यावर पाहिला. अपवाद गरजेचा असावा, प्रतिष्ठेचा नसावा. आणि तो आधी लिहून ठेवलेल्या कसोटीवर मिळावा, ओळखीवर नव्हे.

आपल्या समाजाला हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माणूस कोण हे पाहून नियम आणि दंड ठरविणारी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली. त्या व्यवस्थेच्या जागी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या संविधानाने कलम १४ आणले आणि कायद्यापुढे सर्वांना समान केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी राजकारणातील भक्तीविषयी आणि विभूतिपूजेविषयी जो इशारा दिला, तो केवळ राजकारणापुरता मानण्याचे कारण नाही. मैदानावरील विभूतीलाही तो लागू पडतो. खेळाडूच्या परिश्रमांना टाळ्या वाजवाव्यात. पण त्या टाळ्यांचे रूपांतर परवान्यात होऊ देऊ नये. आणि हे आपल्या घरापासून सुरू झाले पाहिजे. आपल्याच कार्यक्रमांत प्रमुख पाहुण्यांसाठी रांग मोडण्याचा मोह आपल्याला होतो की नाही, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

शेवटी पुन्हा लेव्हाइज स्टेडियमकडे वळू. खेळाडूंना जेथून जावे लागले, त्याच वास्तूत ९ फेब्रुवारी २०२१ पासून काउंटीचे मोठे लसीकरण केंद्र सुरू झाले. जेथे उत्तम आसनासाठी भरमसाट दाम मोजावे लागतात, तेथे लस विनामूल्य होती आणि वयाचा व कामाचा क्रम लागेल तसा प्रत्येकाचा नंबर येत होता. आपली मुले खेळाडूंची नावे पाठ करोत, त्यांच्यासारखे धावोत, जिंकोत. मात्र त्या मैदानाने पाहिलेली ही दुसरी रांगही त्यांना अवश्य सांगा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!

— संपादक मंडळ