देणगीची पाटी आणि शाळेचे पाणी

आपल्या डॉक्टर मंडळींच्या मेळाव्यात निधीचे आवाहन झाले की हात आखडता घेणारे क्वचितच आढळतात. जोयडा तालुक्यातील खेडोपाडीच्या शाळांना पिण्याचे शुद्ध पाणी मिळावे, हा विचारही आपल्यात बोलला जातो. त्यास माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. मात्र असा निधी कशावर खर्च व्हावा, याविषयी एक बालरोगतज्ज्ञ या नात्याने काही सुचवावेसे वाटते.

काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते. १९८७ साली पूर्ण झालेल्या सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपे बुडाले आणि अनेक विस्थापित कुटुंबे रामनगरला येऊन वसली. काळीच्या पाण्यावर तयार होणारी वीज दूरवर जाते. परंतु रानात विखुरलेल्या वाड्यांना अजूनही झरा, विहीर वा हातपंप यांचाच आधार घ्यावा लागतो. पावसाळ्यात पाणी विपुल पण गढूळ, आणि उन्हाळा लागला की झरे आटू लागतात. अतिसार, विषमज्वर आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ यांचे मूळ अशा पाण्यात असते, हे वाचकांस सांगावयास नको. जलसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या देऊन आपण मूल वाचवतो; बरे झालेले ते मूल पुन्हा त्याच माठातले पाणी पिते.

अशा वेळी देणगीदाराला प्रथम सुचते ते आर.ओ. यंत्र. ते दिसायला देखणे असते व त्यावर नावाची पाटीही शोभते. परंतु आर.ओ.चे मुख्य काम पाण्यातील क्षार काढण्याचे आहे. आपल्या जांभ्या दगडाच्या, अतिवृष्टीच्या प्रदेशातील पाण्यात क्षार सामान्यतः कमीच असतात. दोष असतो तो जंतूंचा. शिवाय हे यंत्र बरेचसे पाणी वाया घालवते आणि विजेवाचून चालत नाही. प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तेथे आर.ओ.वर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच सांगितले होते.

यंत्र कोणतेही असो, खरा प्रश्न देखभालीचा आहे. याचा धडा आपल्याच मुलखातून जगाला मिळाला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत दुष्काळी भागांत हजारो विंधणविहिरी खोदल्या गेल्या; पण त्यांवरील ओतीव लोखंडाचे पंप मोठ्या संख्येने बंद पडले. तेव्हा जालना व सोलापूर येथील मिशनच्या कार्यकर्त्यांनी टिकाऊ पंप घडविले आणि सोलापूरच्या पंपावरून ‘इंडिया मार्क टू’ सिद्ध झाला. हा पंप पुढे आफ्रिकेतील खेड्यांतही पोहोचला. परंतु सहारापलीकडच्या आफ्रिकेतील सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद असल्याचा अंदाज २००९ साली पुढे आला. पंप पाठविणारे पुष्कळ निघाले, सुट्या भागांची आणि दुरुस्तीची तरतूद करणारे थोडे.

म्हणून माझी सूचना अशी. जमलेल्या दर शंभर रुपयांपैकी निदान चाळीस रुपये देखभालीसाठी ठेव म्हणून राखावेत. उरलेल्या रकमेतून विहिरीला कठडा व झाकण, झाकणाची टाकी आणि तोटी एवढे साधे काम करावे. हजार लिटर स्वच्छ पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर व एक तासाचा अवधी पुरतो. पाणी गढूळ असेल तर ते आधी निवळू द्यावे. ही पावडर दमट हवेत निकामी होते, म्हणून आपल्याकडील पावसाळ्यात ती थोडी थोडी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलेली बाटलीची चाचणीही स्वस्त आहे. पाणी काळे पडले की ते दूषित समजावे. प्रत्येक सभासदाने एक शाळा पत्करून जूनमध्ये व मार्चमध्ये ही चाचणी करावी आणि निकाल शाळेच्या फळ्यावर लिहावा.

हे काम सरकारचे नव्हे काय, असे कोणी विचारील. आहेच. जलजीवन मिशन २०१९ पासून सुरू आहे आणि २०२० च्या गांधी जयंतीपासून शाळा व अंगणवाड्यांसाठी स्वतंत्र मोहीमही निघाली. परंतु नळ आला म्हणजे त्यातील पाणी आपोआप निर्जंतुक ठरत नाही. त्यावर लक्ष ठेवणारा जाणकार माणूस लागतो, आणि ती जाणकारी आपल्यापाशी आहे. शाळा समितीने टाकी धुण्याची व पावडर घालण्याची जबाबदारी लेखी घेतल्याखेरीज मात्र देणगी देऊ नये. हा कठोरपणा नव्हे. गावाचा सहभाग नसेल तर कोणतीही सोय टिकत नाही.

यंदाच्या सर्वसाधारण सभेत हा देखभाल निधी स्थापन करण्याचा ठराव यावा, अशी माझी विनंती आहे. आरंभी पाचच शाळा घ्याव्यात. पाच वर्षांनंतरही त्या शाळांच्या तोट्यांना शुद्ध पाणी येत असेल, तर पुढच्या शाळांसाठी निधी मागताना आपल्याला संकोच वाटणार नाही.