दुखण्याचा खर्च कोणाच्या माथी?

रोग कोणाला केव्हा गाठील याचा नेम नसला, तरी उपचारास पैसा लागणार हे ठरलेलेच असल्यामुळे, तो धडधाकट माणसांकडून आगाऊ वसूल करावयाचा, की रोगी खाटेवर पडल्यावर त्याच्या आप्तांकडे मागावयाचा, हाच आरोग्यव्यवस्थेतील मूळ वाद होय.

पहिल्या मार्गाचा पाया १८८३ साली जर्मनीत ज्याने घातला, तो बिस्मार्क समाजवाद्यांचा हाडवैरी होता. कामकऱ्यांचे मन त्यांच्याकडून राजसत्तेकडे वळावे म्हणून त्याने आजारपणाचा विमा सक्तीचा केला आणि वर्गणीचा दोन-तृतीयांश हिस्सा कामगारावर व उरलेला मालकावर बसविला. हेतू मुत्सद्द्याचा खरा. पण ती व्यवस्था दोन महायुद्धे पचवून आजही उभी आहे.

ब्रिटनने वर्गणीऐवजी मुख्यतः सरकारी खजिन्यावर भिस्त ठेवली. ५ जुलै १९४८ रोजी अन्युरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. परंतु १९५१ मध्ये शस्त्रसज्जतेचा वाढता खर्च भागविताना अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्म्यांच्या व कवळ्यांच्या किमतीचा काही भाग रुग्णांवर टाकताच बेव्हन मंत्रिपद सोडून बाहेर पडले. कवळीपायी मंत्रिपद सोडणे कोणास हास्यास्पद वाटेल. आम्हांस वाटत नाही, कारण दवाखान्याच्या दारात एकदा गल्ला मांडला की तो उचलण्याचे धैर्य पुढच्या अर्थमंत्र्यास क्वचितच होते. दुसऱ्याच वर्षी तेथे औषधांच्या चिठ्ठीवरही एक शिलिंग आकार बसला.

आमच्या मते अधिक अभ्यसनीय उदाहरण जपानचे आहे. तेथील बहुतेक दवाखाने खासगी. तथापि १९६१ पासून प्रत्येक नागरिक विम्याच्या कक्षेत असून, तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत प्रत्येक उपचाराचे दर सरकारी दरपत्रकात बांधलेले असतात व ते दर दोन वर्षांनी फेरतपासले जातात. रुग्णाने सामान्यतः तीस टक्के भरावयाचे, त्यालाही मासिक कमाल मर्यादा. अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धातील वेतनबंदीच्या काळात मालकांनी कामगार टिकविण्यासाठी देऊ केलेला विमा नोकरीलाच चिकटून राहिला. १९६५ मध्ये वृद्धांची व गरिबांची सोय झाली खरी, पण राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे सहावा हिस्सा खर्चूनही कोट्यवधी लोक तेथे विम्याविना आहेत.

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारास मुकू नये, असे सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच आपल्याला बजावले होते. आज आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावर. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचे बिल मेडिकलवाल्याकडे खिशातूनच चुकते करावे लागते. तेव्हा सरकारने नव्या योजनांचे फलक लावण्यापूर्वी बाह्यरुग्णांच्या औषधांची तरतूद करावी आणि खासगी रुग्णालयांचे दर कायद्याने बांधून द्यावेत.